ॲप चालतं, तरी लोक ते का टाळतात? वापरसुलभता आणि वापराचा अनुभव वेगवेगळे कसे तपासायचे

बेळगावातल्या एखाद्या पतसंस्थेचं पिग्मीचं, म्हणजे रोज थोडी थोडी रक्कम साठवायच्या ठेवीचं, ॲप घ्या. सभासद ॲप उघडतो, चार आकडी पिन टाकतो, 'माझी पिग्मी'वर बोट ठेवतो आणि शिल्लक दिसते. पंधरा-वीस सेकंदांचं काम, कुठे अडखळणं नाही. तरीही संध्याकाळी पिग्मी एजंट दुकानात आला की तोच सभासद पासबुक पुढे करतो आणि म्हणतो, "ह्याच्यात लिहून दे." आज दिलेली रक्कम ॲपमध्ये उद्या सकाळी दिसते. एसएमएस येतो तो इंग्रजी आद्याक्षरांनी भरलेला. मधल्या रात्री पैसे कुणाकडे आहेत, हे त्याला कळत नाही. ॲप वापरायला सोपं आहे, पण त्याच्यावर भरवसा बसलेला नाही.

आता उलटं उदाहरण. कुंदा आणि मांडे घरपोच पाठवणाऱ्या मिठाईच्या दुकानाची वेबसाइट. गिऱ्हाइकाने पिनकोड मराठी आकड्यांत टाकला की फॉर्म 'चुकीचा पिनकोड' म्हणतो आणि पुढे सरकत नाही. गिऱ्हाईक फोन करतं, मालक आपुलकीने ऑर्डर लिहून घेतात, मांडे न मोडता पोचतात, घरचे खूश होतात. इथे अनुभव चांगला आणि वेबसाइट नापास. ऑर्डर मिळाल्यामुळे मालकांना फॉर्मचा दोष दिसत नाही, आणि ज्यांनी फोन न करता पान बंद केलं त्यांची कुठे नोंदच नसते.

या दोन बिघाडांचं मूळ वेगळं आहे, म्हणून दुरुस्तीही वेगळी. सर्रास होतं ते असं की दोन्ही ठिकाणी 'यूएक्स (वापराचा अनुभव) सुधारायचं' म्हणून रंग बदलतात, नवा लोगो येतो, मुख्य पानावर मोठा फोटो लागतो, आणि पिनकोडची चौकट होती तशीच राहते.

हद्द कुठे आहे

वापरसुलभता, म्हणजे युजेबिलिटी, हिची व्याख्या आयएसओ ९२४१ या मानकाच्या ११व्या भागात आहे. तो भाग १९९८ साली आला आणि २०१८ मध्ये सुधारला गेला. त्याचा गाभा असा: ठरावीक लोकांना, ठरावीक काम, ठरावीक परिस्थितीत किती बिनचूक पुरं करता येतं, त्यासाठी किती वेळ आणि श्रम लागतात, आणि ते करताना किती समाधान वाटतं. यातला 'ठरावीक' हा शब्द तीनदा येतो आणि तोच महत्त्वाचा आहे. 'आमचं ॲप युजर-फ्रेंडली आहे' या वाक्याला काही अर्थ नाही. 'साठीच्या पुढचे, मराठी वाचणारे सभासद, दुकानात गिऱ्हाईक असताना, मागच्या महिन्याची जमा एका मिनिटात शोधू शकतात' या वाक्याला आहे, कारण ते खोटं ठरू शकतं.

वापराचा अनुभव, म्हणजे युजर एक्सपिरियन्स, त्याच मालिकेच्या २१०व्या भागात येतो (२०१०, सुधारित २०१९). एखादी वस्तू किंवा सेवा वापरताना, किंवा वापरायला लागणार आहे या नुसत्या अपेक्षेनेही, माणसाला जे जाणवतं आणि त्यावर तो जसा वागतो ते सगळं त्यात मोडतं. ॲप डाउनलोड करण्याआधी शेजारच्या दुकानदाराने 'त्या संस्थेत पैसे लवकर मिळत नाहीत' असं सांगितलेलं असेल, तर अनुभव तिथूनच सुरू झाला. डिझाइनतज्ज्ञ डॉन नॉर्मन यांनी नव्वदच्या दशकात ॲपलमध्ये काम करताना हा शब्द रूढ केला तो याचसाठी: पडद्याबाहेरचंही मोजलं जावं म्हणून.

सुलभता अनुभवाच्या आत बसते, पण सुलभता वाढली की अनुभव तेवढाच वाढेल असं नाही. एका मर्यादेखाली सुलभता गेली तर मात्र अनुभव हमखास कोसळतो.

आधी तक्रारी वाटून घ्या

गेल्या दोन-तीन महिन्यांतले फोन, व्हॉट्सॲपचे निरोप आणि काउंटरवर ऐकलेलं, असं मिळून तीसेक तक्रारी एका वहीत उतरवा. लोकांनी वापरलेले शब्दच लिहा, स्वतःच्या भाषेत सारांश करू नका. मग प्रत्येक तक्रारीला एकच प्रश्न विचारा: या माणसाशेजारी ॲप नीट माहीत असलेला कुणी बसला असता, तर ही तक्रार टळली किंवा तिथल्या तिथे सुटली असती का?

'ओटीपी कुठे टाकायचा कळेना', 'पत्ता बदलायचं बटण सापडलं नाही', 'मागे आलो तर सगळं पुसलं गेलं', यांतल्या पहिल्या दोन तक्रारी जाणकार शेजारी असता तर झाल्याच नसत्या. तिसरी झाली असती, पण त्याने रस्ता काढून दिला असता. तिन्ही वापरसुलभतेच्या. 'मुदतीआधी खातं मोडल्यावर किती कापणार हे कुणी सांगितलं नाही', 'डिलिव्हरीचे पैसे शेवटच्या पानावर वाढले', 'एजंट बदलला ते आम्हाला कळवलं नाही', इथे शेजारी कितीही हुशार माणूस बसवा, तक्रार तशीच राहते. या अनुभवाच्या.

काही तक्रारी दोन्हीकडच्या असतात. 'पैसे कापले गेले पण ऑर्डर दिसत नाही' ही सगळ्यात महागडी. पैसे भरून झाल्यावर पडदा काहीच सांगत नाही, हा सुलभतेचा दोष. तासाभरात दुकानाकडून निरोपही येत नाही, हा सेवेचा. अशी तक्रार दोन्ही यादीत लिहा आणि दोन माणसांवर सोपवा. एकावर सोपवली की तो आपल्या हातातला अर्धा भाग दुरुस्त करून 'झालं' म्हणतो.

वापरसुलभतेची चाचणी

इथे मत विचारायचं नसतं, माणूस काम करताना बघायचं असतं. जेकब निल्सन आणि थॉमस लँडॉवर या संशोधकांनी १९९३ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार एक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणी उघड्या करतो, आणि पाच माणसांत सुमारे ८५ टक्के समोर येतात. 'पाच जण पुरेत' हे वाक्य तिथून आलं. पण हे पाच एकाच प्रकारचे वापरणारे असावे लागतात. आपल्या बेळगाव भागात एकच प्रकार कधी नसतो. शहापूर-वडगावातले मराठी वाचणारे दुकानदार, कन्नड सहज वाचणारे आणि मराठी फक्त बोलणारे, खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीकडे अधूनमधून रेंज येणाऱ्या गावांतले लोक, आणि शिकायला बाहेर असलेली पण घरचं खातं सांभाळणारी मुलं, हे चार वेगळे गट आहेत. प्रत्येकी पाच जमत नसतील तर प्रत्येकी तीन घ्या. एकाच गटाचे बारा घेऊ नका. संस्थेचे कर्मचारी, संचालकांच्या घरची माणसं आणि इंजिनिअरिंग कॉलेजमधले मित्र तर अजिबात नकोत. त्यांना ॲप आधीच माहीत असतं किंवा ॲप्सची सवय असते.

कामं आधी लिहून काढा. चार ते सहा पुरेत, एकूण वेळ ३० ते ४० मिनिटं. लिहिताना पडद्यावरचे शब्द टाळा. 'स्टेटमेंटवर जाऊन मिनी स्टेटमेंट काढा' असं लिहिलं की उत्तर हातात दिलं. त्याऐवजी:

- काल दिलेली पिग्मी जमा झाली का ते बघा.
- मागच्या महिन्यात एकूण किती भरले ते सांगा.
- एक दिवस एजंट आलाच नव्हता असं तुम्हाला वाटतंय. तो दिवस शोधा.
- खातं आजच मोडलं तर हातात किती पडतील ते काढा.

चौथ्या कामात बहुतेक ॲप्स अडकतात, आणि पैशांच्या बाबतीत लोकांना सगळ्यात जास्त तेच हवं असतं.

चाचणीसाठी खोटा डेटा भरलेलं खातं तयार ठेवा. सभासदाचा खरा पिन किंवा ओटीपी मागायचा नाही, बघायचाही नाही. फोन शक्यतो त्याचाच वापरा. ते जमत नसेल तर दोन-तीन जीबी रॅमचा साधा अँड्रॉइड घ्या, त्यात अक्षरांचा आकार सर्वांत मोठा करा आणि वायफाय बंद ठेवा. ऑफिसातल्या भारी फोनवर आणि फायबरच्या नेटवर सगळंच पळतं. निपाणीच्या बाजारात भर दुपारी उन्हात पडदा दिसतो का, हे तिथेच जाऊन कळतं. संगणकावर तपासणार असाल तर क्रोममधल्या डेव्हलपर टूल्समध्ये नेट मुद्दाम मंद करण्याची सोय आहे, ती लावा.

सुरुवातीलाच स्पष्ट सांगा: "परीक्षा तुमची नाही, ॲपची आहे. अडलात तर चूक आमची." मग मनात येईल ते मोठ्याने बोलत राहायला सांगा आणि स्वतः गप्प बसा. "हे दाबू का?" असं विचारलं तर "तुम्हाला काय वाटतं, त्याने काय होईल?" एवढंच म्हणा. माणूस थांबला की मनात दहापर्यंत मोजल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. चाचणी बिघडते ती बहुतेक इथेच. काका अडकलेत हे बघवत नाही म्हणून आपलं बोट आपोआप पडद्याकडे जातं. त्या क्षणी ते काम 'मदतीने पूर्ण' झालं, तसंच नोंदवा.

प्रत्येक कामासमोर पाच रकाने ठेवा: काम कसं झालं (पूर्ण, मदतीने की अपूर्ण), लागलेला वेळ, चुकीच्या जागी पडलेली बोटं, जिथे थांबला ती जागा, आणि तोंडून निघालेले शब्द. शेवटचा रकाना सगळ्यात उपयोगी. "हे 'लेजर' म्हणजे काय हो?" हे एक वाक्य दहा पानी अहवालापेक्षा लवकर दुरुस्ती घडवतं.

आपल्याकडे एक अडचण जास्त आहे. समोरचा माणूस ओळखीचा असतो, चहा घेतलेला असतो, त्यामुळे "कसं वाटलं?" विचारलं की "छान केलंय" हेच उत्तर येतं, मग चारपैकी तीन कामं अपूर्ण का राहिलेली असेनात. म्हणून मत शेवटी विचारा, आणि आकड्यांना मतापेक्षा जास्त वजन द्या. निकाल सांगताना 'पाचपैकी चार जणांना जमलं नाही' असं म्हणा, '८० टक्के' म्हणू नका. एवढ्या थोड्या माणसांची टक्केवारी फसवी असते.

मतासाठी एसयूएस (सिस्टिम युजेबिलिटी स्केल) ही दहा वाक्यांची प्रश्नावली चांगली आहे. जॉन ब्रुक यांनी ती १९८६ मध्ये तयार केली आणि ती वापरायला कुणाची परवानगी लागत नाही. प्रत्येक वाक्याला १ ते ५ गुण द्यायचे. विषम क्रमांकाची वाक्यं होकारार्थी असतात, त्यांच्या गुणांतून १ वजा करा. सम क्रमांकाची नकारार्थी, त्यांचे गुण ५ मधून वजा करा. सगळ्यांची बेरीज करून २.५ ने गुणा. उदाहरणार्थ कुणी ४, २, ४, १, ४, २, ५, २, ४, ३ असे गुण दिले, तर विषम वाक्यांचे १६, सम वाक्यांचे १५, बेरीज ३१, निकाल ७७.५. हा आकडा १०० पैकी असला तरी टक्केवारी नाही. साधारण ६८ ही सरासरी धरतात.

मराठीत ही प्रश्नावली देताना एक खाच आहे. नकारार्थी वाक्य मराठीत आणलं की कधी कधी दुहेरी नकार होतो आणि माणूस गोंधळून सगळीकडे एकच आकडा ठोकतो. असं झालं की निकाल नेहमी बरोबर ५० येतो, सगळीकडे १ असो की ५. एखाद्याचा निकाल नेमका ५० दिसला तर कागद उघडून बघाच. 'हे ॲप मला विनाकारण किचकट वाटलं' असं सरळ लिहा. 'हे ॲप किचकट नाही असं मला वाटत नाही' अशी रचना नको.

फॉर्मच्या चौकटी

चाचणीत सर्वांत जास्त माणसं अडकतात ती इथे, आणि दुरुस्ती बहुतेक वेळा तासाभराची असते.

मराठी कीबोर्ड चालू असेल तर पिनकोड '५९०००१' असा येऊ शकतो. जावास्क्रिप्टमध्ये आकडा ओळखायला वापरतात ती 'बॅकस्लॅश डी' ही खूण फक्त इंग्रजी आकडे ओळखते, म्हणून पान तो पिनकोड नाकारतं. गंमत म्हणजे सर्व्हर पायथॉनवर असेल तर तिथे हीच खूण मराठी आकडेही ओळखते. त्यामुळे सर्व्हरच्या बाजूने तपासणाऱ्याला दोष सापडतच नाही. उपाय: आकडे आले की आधी इंग्रजी आकड्यांत बदला, मग तपासा. पिनकोड आणि मोबाइलसाठी 'नंबर' प्रकारची चौकट न वापरता साधी मजकुराची चौकट ठेवा आणि इनपुटमोड 'न्यूमेरिक' करा. कीपॅड आकड्यांचा उघडतो आणि बाकी कटकटी येत नाहीत.

मोबाइल नंबरच्या चौकटीला कमाल १० अक्षरांची मर्यादा लावलेली असते. फोन स्वतःहून नंबर भरतो तेव्हा पुढे +९१ असतं, मध्ये जागाही असते. चौकट पहिली दहा अक्षरं ठेवते, शेवटचे आकडे कापते, आणि माणसाला 'नंबर चुकीचा' म्हणते. मर्यादा काढा, जागा आणि +९१ नंतर स्वतः गाळा.

राज्याच्या यादीत आधीच 'महाराष्ट्र' भरून ठेवू नका. पुण्या-कोल्हापूरच्या डिझायनरकडून करून घेतलेल्या मराठी साइटवर हे हमखास आढळतं: भाषा मराठी, म्हणून राज्य महाराष्ट्र. निपाणीच्या गिऱ्हाइकाला ते दिसत नाही, पार्सलवर चुकीचं राज्य छापलं जातं. पिनकोडवरून जिल्हा आणि राज्य भरा, पण बदलता येईल असं ठेवा.

नावाच्या चौकटीत 'आधारवर आहे तसं मराठीत' असं मागू नका. इथल्या आधार कार्डावर नाव साधारणपणे कन्नड आणि इंग्रजीत असतं. जुळणीसाठी इंग्रजी नाव घ्या, पडद्यावर दाखवायला मराठी नाव वेगळं आणि ऐच्छिक ठेवा.

चूक दाखवताना ती चौकटीच्या खालीच दाखवा, काय हवं ते लिहा ('पिनकोड सहा आकडी हवा'), आणि भरलेलं काही पुसू नका. ओटीपी चुकला किंवा रेंज गेली म्हणून अख्खा फॉर्म रिकामा झाला, तर कणकुंबीचा माणूस तो दुसऱ्यांदा भरत नाही.

बाकी मापं थोडक्यात: बोट ठेवायची जागा अँड्रॉइडवर ४८ × ४८ डीपी (डीपी हे अँड्रॉइडचं पडद्यावरचं माप). वेबसाठी २०२३च्या डब्ल्यूसीएजी २.२ या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे किमान २४ × २४ पिक्सेल, पण त्याच्यावर समाधान मानू नका. मजकूर आणि पार्श्वभूमीतला फरक किमान ४.५ : १. बोट ठेवल्यावर एका सेकंदापेक्षा जास्त वेळ लागणार असेल तर काम चालू आहे हे दाखवा. दहा सेकंदांच्या पुढे किती बाकी आहे तेही.

मराठी आणि कन्नड, दोन्ही असलेल्या ठिकाणी

फोनचं ठिकाण बेळगाव दिसलं की ॲप आपोआप कन्नडमध्ये उघडणं, ही या भागातली सगळ्यात ठळक चूक आहे. कन्नड बोलता येतं पण वाचता येत नाही असे मराठी लोक इथे भरपूर आहेत. त्यांच्यासाठी ही सुलभतेची अडचण. ज्यांना दोन्ही वाचता येतं त्यांच्यासाठी ती अनुभवाची अडचण: न विचारता ठरवलं गेलं, हे माणूस विसरत नाही. मराठीच लादली तर कन्नड वाचणाऱ्याला हेच वाटतं. म्हणून पहिल्या पडद्यावर विचारा. प्रत्येक भाषेचं नाव तिच्या स्वतःच्या लिपीत लिहा, झेंडा किंवा नकाशा लावू नका. निवड लक्षात ठेवा, आणि बदलायची सोय प्रत्येक पानावर एकाच जागी ठेवा. भाषा बदलली की माणूस त्याच पानावर राहिला पाहिजे. मुख्य पानावर फेकला जाऊन टोपली रिकामी झाली, तर तो सरळ फोनच करतो.

शोधाच्या चौकटीला एकाच गोष्टीची अनेक नावं शिकवा. शहराचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झालं, पण लोक बेळगाव लिहितात, हिंदीत बेलगाम लिहितात, जुन्या कागदांवर इंग्रजी नाव वेगळं असतं. चारही लिहिली तरी एकच शहर सापडलं पाहिजे. मांडे शोधणारा 'मंडिगे'ही लिहील, रोमन लिपीतही लिहील. अशा नावांची एक साधी तक्ता-फाइल करा आणि शोधूनही न सापडलेल्या शब्दांची यादी दर महिन्याला बघून तिच्यात भर घाला.

देवनागरीची मांडणी इंग्रजीच्या साच्यात कोंबू नका. ओळींची उंची अक्षराच्या १.६ पट तरी ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीचा रफार एकमेकांवर चढतात. बटणाची उंची पिक्सेलमध्ये बांधली की 'पूर्ण'मधला ऊकार खालून कापला जातो. उंची आतल्या पॅडिंगवर सोडा. अक्षरांमध्ये जागा वाढवणारं लेटर-स्पेसिंग देवनागरीला लावू नका, शिरोरेषा तुटते. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी असल्याचं नोंदवा. ती नोंद नसेल तर टॉकबॅकसारखं वाचून दाखवणारं साधन मराठी मजकूर दुसऱ्याच भाषेच्या आवाजात वाचू शकतं. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर आधी युनिकोडमध्ये बदला आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा.

अनुभव कसा मोजायचा

यासाठी अर्ध्या तासाची बैठक पुरत नाही. पिग्मी हे वर्षभराचं नातं असतं. एक मोठा कागद भिंतीला लावा आणि सभासदाचा सगळा प्रवास मांडा: शेजाऱ्याकडून ऐकलं, एजंट आला, कागदपत्रं दिली, पहिला एसएमएस आला, पहिला दिवस चुकला, गणपतीत दुकान बंद राहिलं, एजंट बदलला, मध्येच पैशांची गरज पडली, मुदत संपली. प्रत्येक टप्प्याखाली तीन ओळी: त्याला काय अपेक्षित होतं, प्रत्यक्ष काय झालं, संस्थेत ते कुणाच्या हातात आहे. ॲपचा पडदा यातल्या दोन-तीन टप्प्यांतच येतो, हे मांडल्यावर लक्षात येतं. एजंट बदलण्याचा टप्पा सगळ्यात नाजूक असतो, आणि नेमकं तिथे ॲप गप्प असतं.

मग दहा सभासदांना दोन आठवडे रोज संध्याकाळी व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप पाठवायला सांगा. प्रश्न दोनच: आज पासबुक उघडलं की ॲप? पैशांबद्दल काही शंका मनात आली का? लिहायला लावलं तर चौथ्या दिवशी निरोप थांबतात, बोलायला लावलं तर बरेच जण टिकतात. त्यानंतर प्रत्येकाशी वीस मिनिटं बोला, पण भविष्याचं विचारू नका. "पुढे वापराल का?" याला भिडेपोटी होकारच येतो. "मागच्या वेळी रक्कम जमा झाली की नाही अशी शंका आली, तेव्हा काय केलंत?" याचं उत्तर खरं असतं, कारण ते घडून गेलेलं आहे.

बोलण्याला वागण्याच्या नोंदींची जोड द्या. पतसंस्थेसाठी: 'जमा झाले का' विचारणारे फोन आठवड्याला किती, पासबुकात लिहून मागणारे किती. मिठाईच्या दुकानासाठी: त्याच गिऱ्हाइकाची दुसरी ऑर्डर आली का, आणि एकूण ऑर्डरींपैकी साइटवरून किती, फोनवरून किती. फोनच्या ऑर्डरी वाढत असतील आणि धंदाही वाढत असेल, तर माल आणि माणसं चांगली आहेत, साइट अडवतेय.

सुरुवातीच्या पिग्मी ॲपवर यातून निघणारी दुरुस्ती नवीन पडद्याची नाही. रक्कम घेतल्याबरोबर सभासदाला 'एजंटकडे नोंद झाली, संस्थेत जमा व्हायची आहे' आणि जमा झाल्यावर 'संस्थेत जमा झाली' अशा दोन अवस्था दिसल्या पाहिजेत. एजंटकडे रेंज नसेल तर नोंद त्याच्या फोनमध्ये साठून 'पाठवायची बाकी' असं दिसलं पाहिजे. आणि एसएमएस मराठीत हवा: '₹१०० पिग्मी जमा. एकूण शिल्लक ₹१८,४००. १२/६, सायं. ५.४०.' मराठी एसएमएसचा एक भाग ७० अक्षरांचा असतो, इंग्रजीचा १६०. मात्रा, अनुस्वार आणि पाय मोडल्याची खूणही प्रत्येकी एक अक्षर म्हणून मोजली जाते. ७० ओलांडले की दोन एसएमएसचे पैसे पडतात. वरचा मजकूर एका भागात बसतो. अशा मजकुराचा नमुना डीएलटीवर, म्हणजे दूरसंचार कंपन्यांच्या एसएमएस-नोंदणीच्या यंत्रणेवर, मंजूर करून घ्यावा लागतो, म्हणून शब्द चाचणीत पक्के करा आणि मगच नोंदणीला पाठवा.

सोपं, पण फसवं

काही पडदे वापरायला फार सोपे असतात आणि तरी माणसाचं नुकसान करतात. टोपलीत न मागितलेली भेटपेटी आधीच टाकलेली, 'शेवटचे २ नग' असं खोटंच लिहिलेलं, पॅकिंग आणि डिलिव्हरी शेवटच्या पानावर वाढवलेली. सुलभतेच्या चाचणीत हे पास होतात, उलट वेळ कमीच लागतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा फसव्या रचनांविरुद्ध (डार्क पॅटर्न) मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात असे १३ प्रकार दिलेले आहेत. त्या यादीशी आपली साइट पडताळून बघा. किंमत पहिल्याच पानावर करासकट दाखवा. बेळगावहून निपाणीला पाठवलेल्या मालाच्या बिलावर सीजीएसटी-एसजीएसटी येतो आणि कोल्हापूरला पाठवलेल्या मालावर आयजीएसटी. एकूण कर तेवढाच असतो, पण ओळी वेगळ्या दिसल्या की दोन बहिणी फोनवर बिलं ताडून बघतात आणि दुकानावर शंका घेतात. बिलावर एकूण रक्कम ठळक आणि कराचा तपशील खाली लहान ठेवा.

आधी काय हातात घ्यायचं

पैसे, ओळख किंवा पत्ता यांत चूक घडवणारा कुठलाही दोष आधी, तो कुठल्याही यादीतला असो. त्यानंतर ज्या कामात पाचपैकी दोन किंवा जास्त जण अपूर्ण राहिले ती कामं. ती होईपर्यंत अनुभवाच्या मुलाखती घेऊ नका, कारण लोक फक्त अडलेल्या बटणाबद्दल बोलतील आणि खालचं काही वर येणार नाही. अपवाद एकच: भरवशाचा प्रश्न असेल, मुदतीआधीची कपात लपवलेली असेल, एजंट न सांगता बदलत असतील, तर फॉर्म नंतर करा. त्या निर्णयांसाठी डिझायनर पुरत नाही. संचालक मंडळ किंवा मालकाला भिंतीवरच्या कागदासमोर उभं करावं लागतं.

दुरुस्तीनंतर तीच कामं नव्या पाच माणसांना द्या. जुने पाच आता शिकलेले असतात. हे आठवड्याभरात उरकतं. अनुभवाचे आकडे मात्र निदान एक पूर्ण महिना जाऊ दिल्याशिवाय बघू नका, आणि तो महिना गणपती-दिवाळीचा नसावा. सणात मिठाईच्या ऑर्डरी वाढतात, पिग्मी चुकते, आणि बदल आपल्या दुरुस्तीमुळे झाला की सणामुळे, हे सांगता येत नाही.